वीतभर गाडीचा इतिहास: परवाना ते कार्पेट



टेबलावर दोन गाड्या ठेवल्या आहेत. मागच्या रांगेतल्यांना दिसत नसतील तर थोडं उठून बघा, हरकत नाही. डावीकडची ज्वारीच्या धाटाची बैलगाडी. धाटाचं सालटं सोलायचं, आतलं भेंड काढायचं, सालट्याच्या काड्या भेंडात खोचायच्या आणि चाकं करायची. आपल्या जिल्ह्यात पन्नाशीच्या पुढच्या जवळजवळ प्रत्येकाने ही कधी ना कधी केलेली आहे. उजवीकडची आहे रेडिओवर चालणारी रेसची गाडी. खऱ्या गाडीच्या एक बारांश आकाराची, रुंदी जास्तीत जास्त १७२ मिलिमीटर, म्हणजे पावणेसात इंच. वजन पाऊण किलोच्या आसपास. ही रस्त्यावर चालत नाही, मातीत तर नाहीच नाही. ही फक्त कार्पेटवर चालते.

मागच्या वेळी आपण मराठवाड्यातल्या रेडिओ ऐकण्याच्या सवयीवर बोललो, तेव्हा शेवटी एकाने विचारलं होतं की, रेडिओने ऐकण्याशिवाय दुसरं काही केलं का? आज त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. आणि एक आधीच सांगून टाकतो. परभणीतून या खेळातला कोणी विश्वविजेता निघाला, अशी कथा आमच्याकडे नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. जगात हा खेळ १९६६ पासून वाढत होता आणि आपल्याकडे तो २००५ नंतर कुठे हातात येऊ लागला. मधली चाळीस वर्षं कुठे गेली? बहुतेक जण म्हणतात पैसा नव्हता. पैसा नव्हता हे खरंच आहे. पण आम्हाला वाटतं, तेवढंच कारण नव्हतं.

सुरुवात गाडीपासून नाही, नावेपासून करावी लागते. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेच्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. तिथे निकोला टेस्लाने पाण्याच्या टाकीत एक छोटी लोखंडी नाव सोडली आणि दूर उभं राहून, तारेशिवाय, ती वळवून दाखवली. बघणाऱ्यांना काही कळेना. कोणी म्हणालं आत शिकवलेलं माकड बसवलंय, कोणी म्हणालं हा मनाच्या शक्तीने चालवतोय. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पेटंट मिळालं. म्हणजे रेडिओवरून गाणं ऐकू येण्याच्या कितीतरी आधी रेडिओवरून वस्तू हलली होती. हे आपण विसरतो, कारण आपल्या घरात रेडिओ आला तो ऐकायचं यंत्र म्हणूनच आला.

आता आपल्याकडे या. परभणी निझामाच्या राज्यात. हैदराबादचा डेक्कन रेडिओ १९३५ ला सुरू झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९३३ मध्ये, ब्रिटिश हिंदुस्थानात एक कायदा झाला होता: इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट. पोलीस कारवाईनंतर आपण भारतात आलो आणि पुढे तो कायदा आपल्यालाही लागू झाला. कायदा अगदी छोटा आहे, दोन-तीन पानांचा. त्याचं म्हणणं एवढंच, की बिनतारी यंत्र परवान्याशिवाय कोणी जवळ बाळगायचं नाही. नुसतं बाळगायचं नाही, बरं का. वापरलं की नाही हा पुढचा प्रश्न.

ज्येष्ठ मंडळींना पोस्टातलं ते रेडिओ लायसनचं पुस्तक आठवत असेल. वर्षाला पैसे भरायचे, पोस्टमास्तर पुस्तकावर शिक्का मारून देणार. १९८० च्या दशकात ते बंद झालं. ते परवाने ऐकण्याचे होते. पण त्याच कायद्यात ऐकण्याचं यंत्र आणि पाठवण्याचं यंत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक केलेला होता. विनापरवाना रिसीव्हर सापडला तर पहिल्या खेपेला शंभर रुपयांपर्यंत दंड. विनापरवाना ट्रान्समीटर सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि रिमोटच्या गाडीचा जो हातातला डबा असतो तो काय आहे? ट्रान्समीटर. ऐकणारा भाग गाडीत, पाठवणारा भाग पोराच्या हातात. म्हणजे कायद्याचं अक्षर धरलं तर बारा वर्षांचं पोर आणि चोरून वायरलेस चालवणारा माणूस एकाच कलमात बसायचे.

आता व्यवहारात कोणी पोराला पकडत नव्हतं. आखातातून सुट्टीवर आलेले लोक बॅगेतून अशा खेळण्यातल्या गाड्या आणायचे, त्या लग्नाघरात फिरायच्या आणि सेल संपले की कपाटावर जायच्या. त्यांच्यावर कधी कुठे खटला झाला असं आम्ही तरी ऐकलेलं नाही. पण खेळणं बॅगेतून येणं वेगळं आणि एखादा खेळ गावात रुजणं वेगळं. दुकानदाराला माल उघडपणे मागवता आला पाहिजे, शाळेला स्पर्धा ठेवता आली पाहिजे, वर्तमानपत्रात जाहिरात देता आली पाहिजे. परवान्याची पाटी दिल्लीत, मागणारा परभणीत, आणि मागायचंय काय तर खेळण्याची गाडी. कोण अर्ज करणार? इंग्लंडमध्येही एकेकाळी मॉडेल चालवायला परवाना लागत असे, हे सांगितलं पाहिजे. पण तिथे क्लब होते, आणि क्लबांनी तो परवाना अंगवळणी पाडून घेतला.

याचा एक मजेशीर पुरावा एनसीसीत सापडतो. हवाई शाखेच्या छात्रांना मॉडेल विमानं शिकवतात. त्यातला जुना प्रकार कोणता, तर कंट्रोल लाइन. विमानाला दोन तारा बांधलेल्या, त्या हातात धरून माणूस मध्ये उभा आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतंय. तारेला परवाना लागत नाही.

मग २००५ आलं. त्या वर्षी केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, आणि २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँडही त्याच वर्षी मोकळा झाला. निर्णय घेताना दिल्लीत कोणाच्याही डोळ्यांपुढे गाड्या नव्हत्या. प्रश्न इंटरनेटचा, वायफायचा होता. पण दार उघडलं की ज्याच्यासाठी उघडलं तोच आत येतो असं थोडंच आहे? (१९३३ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा झाला. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज नको.)

तिकडे काय चाललं होतं ते आता थोडक्यात बघू. १९६६ मध्ये इटलीतल्या एल्जी या कंपनीने फेरारी २५० एलएमचं एक बारांश मॉडेल रेडिओसकट विकायला काढलं. दुकानात मिळणारी पहिली रेडिओ गाडी म्हणून तिचंच नाव घेतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये लेस्टरच्या मार्डेव्हने इंजिनवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेडने आधी इंजिनच्या आणि मग विजेच्या गाड्या केल्या. १९७६ ला जपानच्या तामियाने पोर्श ९३४ काढली. ती तर मुळात शोभेचं मॉडेल होती, तिच्यात मोटर आणि रेडिओ बसवला आणि ती धडाधड खपली.

इंजिनची गाडी आवाज करते, धूर सोडते, तिला मोकळं मैदान लागतं. विजेची गाडी घरात चालते. एवढ्याच फरकाने कार्पेट या खेळात आलं. इंग्लंड, युरोप, अमेरिकेचा उत्तर भाग, इथे हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि पाऊस. मग शाळेचा हॉल घ्यायचा, जमिनीवर कार्पेट अंथरायचं, कडेने लाकडी पट्ट्या लावायच्या की झाला ट्रॅक. अमेरिकेत क्लीव्हलंडला थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत भरणारी इनडोअर स्पर्धा याच परंपरेतली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला एक बारांश गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

हे कार्पेट म्हणजे दिवाणखान्यातला मऊ गालिचा नव्हे. लव जवळजवळ नसलेलं, सुयांनी टोचून दाबलेल्या कृत्रिम धाग्यांचं, करड्या किंवा काळ्या रंगाचं. तुम्ही सगळ्यांनी त्याचा स्वस्तातला चुलतभाऊ पाहिलाय. मांडववाले लग्नात जे लाल, हिरवं पातळ कार्पेट अंथरतात ते याच जातीचं. त्याच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

आता इथे जरा थांबू, कारण गाडी जुळवणं म्हणजे नक्की काय हे कळल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

रस्त्यावर धूळ असते, ऊन असतं, खडा असतो. गाडी घसरली तर दोष गाडीचा, चालवणाऱ्याचा की धुळीचा हे सांगता येत नाही. कार्पेटवर सांगता येतं. फरशी तीच, पट्ट्या त्याच, वळणं तीच. तुम्ही एक स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि फेरीचा वेळ दोन दशांश सेकंदाने बदलला, तर तो त्या स्क्रूमुळेच बदलला असं मानायला जागा असते. म्हणून कार्पेटवर लोक मोजायला शिकले. या खेळाने शिकवलेली मोठी गोष्ट तीच, असं आमचं मत आहे.

पण कार्पेट पकडतंही फार. चाकाला पकड इतकी मिळते की वळणावर गाडी घसरण्याऐवजी सरळ पालथीच होते. मग काय करायचं? गाडी जमिनीलगत आणायची. गाडीचं पोट आणि कार्पेट यांत तीन-चार मिलिमीटर जागा, बास. पुढची चाकं मागच्यापेक्षा कडक घ्यायची. पुढच्या चाकाच्या बाहेरच्या कडेला पातळ सुपरग्लू लावून ती कडा कडक करायची, म्हणजे वळताना ती कार्पेटला चावत नाही. रेसिंगच्या गाडीला पकड कमी करण्यासाठी गोंद लावतात, हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्हाला थट्टाच वाटली होती.

आता वजन. इथे आपल्या भाषेत दोन फार चांगले शब्द आहेत. बैलगाडीत माल भरताना मागे जास्त झाला तर गाडी काय होते? उलाळ. जू वर उचललं जातं. आणि पुढे जास्त झाला तर? धुरजड. बैलाच्या मानेवर ओझं येतं. माल भरणारा जुना माणूस धुरेला नुसता हात लावून सांगायचा, दोन पोती मागे सरकव. कार्पेटवरच्या गाडीतही हेच. बॅटरी पाच मिलिमीटर मागे सरकवली की गाडी थोडी उलाळ होते: मागची चाकं घट्ट धरतात, पण पुढची हलकी पडतात आणि वळताना नाक बाहेर जातं. बॅटरी पुढे सरकवली की नाक आत घुसतं आणि शेपूट फिरते. इंग्रजीत याला लांबलचक नावं आहेत. आम्ही आपसात उलाळ आणि धुरजडच म्हणतो, आणि काम अडत नाही.

दुसरी गोष्ट पीळ. कार्बन फायबरची पाटी सपाट दिसते, पण एक स्प्रिंग जास्त आवळली तर गाडी खाटेसारखी होते, तीन पायांवर उभी आणि चौथा अधांतरी. ती डावीकडे छान वळते आणि उजवीकडे गटांगळी खाते. पीळ बघायची रीत अगदी साधी. गाडी सपाट काचेवर ठेवायची, पुढच्या बाजूला बरोबर मध्ये चाकूचं टोक लावून हळूच उचलायची. दोन्ही पुढची चाकं एकदम उठली तर गाडी सरळ. एक आधी उठलं तर पीळ आहे, मागच्या स्प्रिंगचा स्क्रू फिरवा.

आणि तिसरी गोष्ट गणिताची. समजा चाकाचा व्यास ४२ मिलिमीटर. घेर झाला साधारण १३२. मोटरवरच्या छोट्या दातेरी चाकाला ३८ दाते आणि मोठ्याला ७६, म्हणजे मोटरच्या दोन फेऱ्यांत चाकाची एक. तर मोटरच्या एका फेरीत गाडी पुढे जाणार ६६ मिलिमीटर. याला रोलआउट म्हणतात. आता ही चाकं फोमची असतात, खोडरबरासारखी झिजतात. दोन दिवसांत व्यास ४० वर आला तर रोलआउट ६३ च्या खाली गेला. गाडी मंद झाली असं वाटतं आणि माणूस मोटरला शिव्या देतो. प्रत्यक्षात दोन दाते वाढवून ४० चं पिनियन लावलं की पुन्हा ६६. मोटर बिचारी निर्दोष.

जुन्या काळी या गणितावर जिंकणं-हरणं अवलंबून असायचं, कारण शर्यत आठ मिनिटांची आणि निकेल-कॅडमियमचे सेल जेमतेम तेवढेच पुरायचे. रोलआउट जास्त घेतला की सात मिनिटं तुम्ही सगळ्यांच्या पुढे आणि आठव्या मिनिटाला गाडी रांगतेय. सर्वांत वेगवान माणूस जिंकत नसे. ज्याने वीज वाचवली तो जिंकायचा. भारनियमनातून गेलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे निकेल-मेटल हायड्राइड आले, मग लिथियम पॉलिमर आले आणि हा वीज वाचवायचा डाव जवळजवळ संपला. आम्हाला याचं थोडं वाईट वाटतं. पण ज्यांनी ते सेल एकेक करून मोजून, जुळवून, डाग देऊन जोडले आहेत त्यांना विचारा. ते म्हणतील, सुटलो.

हॉलमधल्या वासाचंही सांगतो. फोमच्या चाकांना पकड यावी म्हणून वर्षानुवर्षं त्यांना एक द्रव चोळत असत, त्यात विंटरग्रीनचं तेल असायचं. तेच तेल गुडघ्याला चोळायच्या मलमात असतं. म्हणजे पन्नास गाड्यांचा हॉल आणि वास आजीच्या खोलीचा. पुढे शाळांनी आणि हॉलवाल्यांनी कुरकुर केली आणि बऱ्याच ठिकाणी वास नसलेला द्रव सक्तीचा झाला. हा द्रव कार्पेटवरही उतरत जातो. त्यामुळे सकाळी नऊला जुळवलेली गाडी दुपारी चारला पालथी होते, कारण तोवर गाड्यांच्या वाटेवर कार्पेट जास्त चिकट झालेलं असतं. फरशी तीच राहते असं आम्ही मघाशी म्हणालो, ते एवढं सैल करून घ्या.

आणि रेडिओ? २७ मेगाहर्ट्झमध्ये गाड्यांसाठी सहा ठरलेल्या जागा होत्या आणि त्यांना सहा रंग होते: तपकिरी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा. प्रत्येक रंगाचं वेगळं क्रिस्टल. दोघांचा रंग एक झाला की एकाच्या हातातल्या डब्याने दुसऱ्याची गाडी भिंतीवर जायची. म्हणून ट्रॅकच्या दाराशी फळी असायची, तिच्यावर रंगीत चिमटे. चिमटा घेतल्याशिवाय रेडिओ सुरू करायचा नाही. परभणी आकाशवाणी १३०५ किलोहर्ट्झवर आहे आणि त्या जागी जवळपास दुसरं कोणी नाही, म्हणून ती आपल्याला नीट ऐकू येते. हेही तेच तत्त्व, फक्त एका हॉलपुरतं. २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले तसे चिमटे गेले, कारण ते आपली मोकळी जागा आपणच शोधतात. ते बाजारात आले साधारण त्याच सुमाराला, जेव्हा भारताने तो पट्टा मोकळा केला. आपण चाळीस वर्षं उशिरा आलो, पण आलो ते थेट नव्या रेडिओवर. क्रिस्टलचा काळ आपल्या वाट्याला आलाच नाही.

आता आमचं सांगतो. आम्ही चौघं. एकाचं मोटर वाइंडिंगचं दुकान, शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं. एक शाळेत शिक्षक. एकाच्या घरचा मांडवाचा धंदा. आणि चौथ्याकडे एका नातेवाइकाने परदेशातून पाठवलेली, वापरलेली एक दशांश गाडी, जुन्या ब्रशच्या मोटरची. मोटरवर लिहिलं होतं, २७ टर्न. कोणालाच कळेना २७ काय. आमच्या वाइंडिंगवाल्याने ती उघडली, आत एक नजर टाकली आणि म्हणाला, वेढे आहेत. वेढे कमी आणि तार जाड केली की पळेल जोरात, पण करंट ओढेल आणि तापेल. अमेरिकेत, जपानात या एका वाक्यावर लोकांनी आयुष्य घातलं आहे. आमच्या मित्राला ते दिवसाला दोन पंप भरून माहीत झालेलं होतं.

तेव्हाच आमच्या डोक्यात हा विषय शिरला. हात इथे होते. आख, आरे, धाव आणि वंगण यांत मुरलेले हात होते, कमी-जास्त व्होल्टेजने जळालेली मोटर पुन्हा भरणारे हात होते. पाठवणारा डबा तेवढा नव्हता. आणि सपाट फरशी नव्हती.

फरशीचं आम्ही असं केलं. इंग्लंडात हॉलचा हंगाम हिवाळा. आपल्याकडे मंगल कार्यालय रिकामं कधी असतं? चातुर्मासात. आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात, आणि बाहेर काळ्या मातीचा नुसता राडा. एक हॉल मिळाला. मांडवाचं लाल कार्पेट अंथरलं. पट्ट्या म्हणून बांबू टाकले. गाडी सोडली आणि पहिल्याच वळणावर कार्पेट गाडीबरोबर निघालं. खाली गुळगुळीत टाइल, वर पातळ कार्पेट, त्याची सुरकुती झाली, गाडीचं नाक सुरकुतीत आणि मागची चाकं फिरतच आहेत. हातातली कळ सोडायला जो वेळ लागला तेवढ्यात कार्पेटचे धागे उपटून मोठ्या दातेरी चाकात गुंडाळले गेले. मोटर अडकली. धूर निघाला. गाडी चालली होती एकूण चार सेकंद.

त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. स्पर्धेचं कार्पेट जाड आणि जड का असतं, आणि त्याचे पट्टे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जमिनीला का चिकटवतात. पुढच्या खेपेला दुहेरी कार्पेट घातलं, कडा टेपने चिकटवल्या. मोटर मित्राने भरून दिली. तेवढं नाजूक काम त्याने पहिल्यांदाच केलं, आणि ती थोडी डावी-उजवी चालायची, पण चालायची. दातेरी चाकांमधली फट जुळवायला वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरायची आणि चाकं दाबून स्क्रू आवळायचा. पट्टी घडी पडून पण न फाटता बाहेर आली की फट बरोबर. जगभर हेच करतात, कागद तेवढा ज्याचा त्याचा.

मग चाकं झिजली. सुटे भाग मागवले ते दोन महिन्यांनी आले, आणि आले ते चुकीचे. शिक्षक मित्राने घरातली जुनी स्लिपर आणली. लहानपणी धाटाच्या, तारेच्या गाड्यांना आपण स्लिपरचीच चाकं कापायचो ना? फोमचं रेसिंग चाक म्हणजे तरी काय, रबराचा स्पंजच. स्लिपरची गोल चकती कापली, रिमवर चिकटवली, दुकानातल्या ड्रिलवर फिरवत सँडपेपरने गोल केली. पट्टीच्या कामगाराने लाकडी भोवरा उतरवावा तशी. गाडी कार्पेटवर अशी चिकटून वळली की आम्ही चौघंही गप्प झालो. चाकं झिजायची वेडीवाकडी, अंगठ्याच्या बाजूचा रबर आणि टाचेचा रबर सारखा नसतो, हेही तेव्हाच कळलं. मग डावं-उजवं चाक एकाच टाचेतून कापायचो.

फेऱ्या मोजायलाही आम्ही जुनीच पद्धत वापरली, वही आणि स्टॉपवॉच. मोठ्या स्पर्धांत गाडीत छोटा ट्रान्सपाँडर असतो आणि कार्पेटखाली तारेचा वेढा. गाडी वरून गेली की वेळ आपोआप लागतो, हजारांश सेकंदापर्यंत. त्याआधी तिकडेही माणसं बसून गाड्यांचे आकडे टिपत आणि त्यावरून भांडणं होत. आमच्याकडे भांडण व्हायला गाडीच एक होती. पण वही ठेवली आहे. तिच्यात प्रत्येक बदल आणि त्याखाली दहा फेऱ्यांचे वेळ आहेत. जपानच्या मसामी हिरोसाकाची गोष्ट आम्ही तेव्हा वाचली होती. पोरसवदा वयापासून शर्यतीत, आणि पुढे वेगवेगळ्या प्रकारांत मिळून चौदा जागतिक विजेतेपदं. त्याच्या हाताबद्दल सगळे बोलतात. आम्हाला त्याच्याबद्दल कुतूहल एवढंच, की हा माणूस एका वेळी किती गोष्टी बदलायचा. आमचा अनुभव असा, की दोन गोष्टी एकदम बदलल्या की वहीतलं ते पान फुकट जातं.

महाराष्ट्रात हा खेळ पसरला तो मुख्यतः इंजिनीअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांतून. आयआयटी मुंबईचा टेकफेस्ट १९९८ ला सुरू झाला आणि अशा महोत्सवांची लाट आली. तिथली पोरं गाडी खडी, उतार, अडथळ्यांवरून नेतात. ते चांगलंच आहे. पण कार्पेटवर वर्षभर तोच ट्रॅक, तीच गाडी घेऊन दशांश सेकंदासाठी झटणं आपल्याकडे अजून फारसं रुजलेलं नाही. महोत्सव तीन दिवसांचा असतो. बक्षीस मिळालं की गाडी मोडून तिच्या मोटरीचं दुसरं काही करतात. क्लब लागतो आणि क्लबला जागा लागते. परवान्याचा अडसर गेला तरी वर्षभर मिळणारी सपाट फरशी, परवडेल अशा भाड्यात, परभणीसारख्या गावात अजून शोधावीच लागते. आमची चातुर्मासाची युक्तीसुद्धा आता पुरत नाही, कारण कार्यालयवाले पावसाळ्यात प्रदर्शनं आणि सेल लावायला लागले आहेत. यंदा आम्हाला अठरा दिवस मिळाले. त्यातले चार ओल सुकवण्यात गेले.

प्रश्न नंतर घेऊ. वाइंडिंगवाले मित्र आले आहेत, मोटरीचं काही विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा, आम्हाला नको. चहा बाहेर ठेवला आहे. चहा झाल्यावर बाजूच्या खोलीत या, तिथे वीस बाय बाराचं कार्पेट घातलंय आणि ही उजवीकडची गाडी चालवून बघता येईल. लहान मुलांना आधी द्या. चपला तेवढ्या दाराबाहेर काढा, कार्पेटवर माती आली की सगळं गणित चुकतं. आणि स्लिपर असतील तर जरा लक्ष ठेवा, आमची चाकं पुन्हा झिजत आली आहेत.